बेबी फॉर्म्युल्यात आर्सेनिक आणि सेलेनियम दोन्ही एकदम चढे येतात: वारंवार येणाऱ्या दोषाचं समस्या निवारण

लक्षण आधी सांगते. बाळांच्या दूध पावडरीचं सॅम्पल आयसीपी-एमएसवर, म्हणजे आर्गॉनच्या तापलेल्या प्लाझ्मात अणूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणाऱ्या मशीनवर, लावलं, की शिसं ठीक येतं, कॅडमियम ठीक येतं, लोह आणि जस्त लेबलवरच्या आकड्याच्या आसपास येतं. फक्त आर्सेनिक आणि सेलेनियम, दोन्ही एकाच वेळी, वीस ते तीस टक्के चढे. कोन (प्लाझ्मातून आयन आत घेणारी छिद्राची टोकं) साफ केले, पंपाची ट्यूबिंग बदलली, कॅलिब्रेशन नव्याने केलं, की एखाद्या दिवशी आकडे सुतासारखे सरळ. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी पुण्यातल्या एका खासगी अन्नतपासणी लॅबमध्ये धातूंचं काम बघते. आमच्याकडे हा दोष चार महिने येत-जात राहिला. कायम राहिला असता तर आठवड्याभरात पकडला असता. येत-जात राहिला म्हणूनच उशीर लागला. ज्यांच्याकडे सध्या असं चाललं आहे त्यांचे महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

या तपासणीत घाई करू नये याला कारण आहे. ज्या बाळाला आईचं दूध मिळत नाही, त्याला पहिले सहा महिने हे एकच अन्न असतं. आपण आज पोळी खातो, उद्या भाकरी. एकात कमी पडलेलं दुसऱ्यात भरून निघतं. बाळाच्या डब्यात जे कमी असेल ते दर दोन-तीन तासांनी, रोज, कमीच मिळत राहतं. अमेरिकेत १९७८-७९ मध्ये सोयाच्या एका फॉर्म्युल्यात क्लोराइड कमी पडलं. बाळांच्या रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडला, वाढ खुंटली, आणि त्या प्रकरणातून १९८० चा इन्फंट फॉर्म्युला ॲक्ट आला. नको ते खनिज जास्त झाल्याचं उदाहरण जपानचं आहे, त्याकडे पुढे येते.

आता आपल्या दोषाचं वजन बघा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकात सेलेनियम दर १०० किलोकॅलरीमागे किमान १ मायक्रोग्रॅम आहे आणि वरची मार्गदर्शक मर्यादा ९ मायक्रोग्रॅम. १०० ग्रॅम पावडरीत साधारण ५०० किलोकॅलरी धरल्या, तर किलोमागे किमान ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्या बोलीत ५० पीपीबी (अब्ज भागांत ५० भाग). समजा पावडरीत प्रत्यक्षात ४२ आहे आणि मशीन पंचवीस टक्के चढं वाचतंय. रिपोर्टवर ५२ छापून येईल आणि माल पास होईल. आर्सेनिक चढं आलं की चांगला माल अडकतो, फोन येतात, कोणीतरी पुन्हा तपासायला लावतंच. सेलेनियम चढं आलं तर कोणीही फोन करत नाही. म्हणून या दोषात मला आर्सेनिकपेक्षा सेलेनियमची भीती जास्त वाटते.

सुरुवात कुठून झाली

आमच्याकडे सुरुवात शिशापासून झाली. कोडेक्सने २०१४ मध्ये बाळांच्या फॉर्म्युल्यातल्या शिशाची मर्यादा निम्मी करून किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. ही मर्यादा कालवून बाळाला पाजायच्या दुधाला आहे, कोरड्या पावडरीला नाही. नवीन मुलं इथे हमखास चुकतात आणि पावडरीचा आकडा थेट १० पीपीबीशी ताडून बघतात. कालवलेल्या दुधात पावडर साधारण तेरा टक्के असते, त्यामुळे पावडरीवर तीच मर्यादा ७५ पीपीबीच्या आसपास जाते. युरोपीय संघाने मात्र पावडरीला स्वतंत्र मर्यादा दिली आहे, शिसं २० पीपीबी. आमच्या एका ग्राहकाला तीच मर्यादा लावून हवी होती.

पाव ग्रॅम पावडर डायजेस्ट करून, म्हणजे बंद भांड्यात आम्लात तापवून विरघळवून, ५० मिलिलिटर केली तर ती २०० पट पातळ होते. म्हणजे मर्यादेवरचं २० पीपीबी शिसं ट्यूबमध्ये ०.१ पीपीबी उरतं. एवढ्याशा शिशाला ब्लँकमधल्या, म्हणजे सॅम्पल न घातलेल्या ट्यूबमधल्या, धुळीपासून वेगळं काढणं कठीण. म्हणून आम्ही सॅम्पलचं वजन पाव ग्रॅमवरून अर्धा ग्रॅम केलं. नायट्रिक आम्ल तेवढंच ठेवलं, पाच मिलिलिटर. शिशाचं व्हॅलिडेशन नव्याने केलं आणि ते उत्तम झालं. त्याच ट्यूबमधून आर्सेनिक आणि सेलेनियमही वाचलं जातं, हे आम्ही लक्षात घेतलं नाही. तिथेच पाणी मुरलं.

दोष दिसू लागल्यावर पहिला संशय गेला क्लोराइडवर. आयसीपी-एमएस वापरणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असतं: प्लाझ्माचा आर्गॉन आणि दुधातलं क्लोरीन एकत्र आलं की वस्तुमान ७५ ला जोडकण बनतो, आणि आर्सेनिकही ७५ लाच. त्यावर उपाय म्हणून असे जोडकण अडवणारी हीलियमची सेल चालू होतीच. आम्ही हीलियमचा प्रवाह वाढवला. काही फरक नाही. मग इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे मशीनची संवेदना तपासायला सगळ्या ट्यूबमध्ये सारखंच घातलेलं मूलद्रव्य, बघितला. जर्मेनियम ९७ ते १०२ टक्क्यांत स्थिर. मग कॅलिब्रेशनचे स्टँडर्ड जुने झाले असतील म्हणून नवी बाटली फोडली. दोन दिवस आकडे सरळ आले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि सोमवारी पुन्हा तेच.

धागा हाती लागला तो संदर्भ पावडरीमुळे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचं एसआरएम १८४९ए हे फॉर्म्युल्याचंच प्रमाणित पावडर सॅम्पल आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर सेलेनियम किलोला ०.८१२ मिलिग्रॅम. आमच्याकडे त्या सोमवारी १.०३ आलं. त्याच ट्यूबमध्ये क्रोमियम १.०६ आलं, प्रमाणपत्रावर १.०७२. म्हणजे वजन बरोबर, पातळ करणं बरोबर, मशीनची संवेदनाही बरोबर. फक्त दोन मूलद्रव्यं पळत होती, आणि दोघं जोडीने पळत होती. माझ्या मते या सगळ्या कामात एवढी एक सवय लावून घ्यावी: आकडा किती चढला याच्याही आधी, त्याच्याबरोबर आणखी कोण चढलं ते बघायचं.

बेरीज की गुणाकार

आकडा वर नेणारे दोष दोन जातीचे असतात. एक बेरीज करणारा, दुसरा गुणाकार करणारा. त्यांना वेगळं करायला महागडं काही लागत नाही, एक स्पाइक, म्हणजे मुद्दाम टाकलेली ठरावीक मात्रा, पुरतो. पण तो स्पाइक डायजेशन झाल्यानंतर, त्याच ट्यूबमधल्या द्रावणाचे दोन भाग करून, एका भागात टाकायचा.

समजा द्रावणात खरं आर्सेनिक ४ आहे आणि आपण १० टाकतो. आर्गॉन-क्लोराइडसारखा बेरीज करणारा दोष दोन्ही भागांत सारखीच भर घालतो, समजा १ ची. एका भागात ५ वाचलं जाईल, दुसऱ्यात १५. फरक १०, म्हणजे टाकलेलं सगळं परत दिसलं, रिकव्हरी १०० टक्के, आणि तरीही सॅम्पलचं उत्तर चुकलेलं. रिकव्हरी शंभर आली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. गुणाकार करणारा दोष पंचवीस टक्क्यांचा असेल तर ४ चे ५ होतात आणि १४ चे साडेसतरा. फरक साडेबारा, रिकव्हरी १२५ टक्के.

आमची रिकव्हरी आली आर्सेनिक १२४, सेलेनियम १२६, कॅडमियम ९९, शिसं १०१. म्हणजे दोष गुणाकाराचा, क्लोराइडचा संशय गेला.

त्यानंतर मी मागच्या तीन महिन्यांची नोंदवही काढली. सेलेनियमची रिकव्हरी ११६, ११९, ११८, ११७. आमची चौकट ८० ते १२० ची, म्हणून दर वेळी पास. सगळे आकडे चौकटीच्या एकाच कडेला चिकटून बसले आहेत, हे कोणी बघितलं नव्हतं. त्या पानांवर माझीही सही आहे. कंट्रोल चार्ट (तपासणीच्या रोजच्या आकड्यांचा आलेख) ऑडिटपुरता काढला जात असेल तर तो रोज भरायला सुरुवात करा. सलग सात बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले की काम थांबवायचं, मग ते चौकटीत असोत की बाहेर.

चोर कोण: कार्बन

आर्सेनिक आणि सेलेनियम प्लाझ्मात पूर्णपणे आयनित होत नाहीत. आर्सेनिकच्या अणूचा इलेक्ट्रॉन काढायला ९.७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, सेलेनियमला ९.७५. शिशाला ७.४ पुरते, लोहाला आणि जर्मेनियमला ७.९. त्यामुळे शिसं जवळजवळ सगळं आयन होऊन डिटेक्टरकडे जातं, आणि आर्सेनिक-सेलेनियमचा बराच भाग तसाच उदासीन राहून वाया जातो. प्लाझ्मात कार्बन पोचला की चित्र बदलतं. कार्बनच्या आयनाला ११.२६ ची ओढ असते. तो या उदासीन अणूंचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि त्यांना आयन करून टाकतो. स्टँडर्डमध्ये कार्बन नाही, सॅम्पलमध्ये आहे. एकाच मापाचं आर्सेनिक स्टँडर्डमध्ये कमी दिसतं आणि सॅम्पलमध्ये जास्त.

हीलियमचा उपयोग का झाला नाही, हे इथे कळतं. डिटेक्टरवर पोचलेलं आर्सेनिक खरं आर्सेनिकच आहे, त्याला हीलियम का अडवेल? आणि जर्मेनियम स्थिर का दिसलं तेही: त्याची ऊर्जा इतकी कमी आहे की कार्बनने त्याला काही फरक पडत नाही. या दोघांसाठी जर्मेनियम चुकीचा साक्षीदार आहे. टेल्युरियम, ज्याची ऊर्जा ९.०१ आहे, थोडा जवळचा साक्षीदार. पण तोही कार्बनचा सगळा परिणाम भरून काढत नाही.

मग कार्बन आला कुठून? फॉर्म्युल्यात चतुर्थांशाहून जास्त चरबी, त्यात लॅक्टोज, त्यात प्रथिनं. लॅक्टोज सहज जळतं. प्रथिनांमधल्या फेनिलअलानिनसारख्या अमिनो आम्लांची वलयं नायट्रिकमध्ये १८०-२०० अंशांना नुसती नायट्रोबेंझोइक आम्लं होऊन टिकून राहतात. पाव ग्रॅमला पाच मिलिलिटर नायट्रिक पुरत होतं. अर्ध्या ग्रॅमला ते जेमतेम होतं, थोडं जरी उडालं तरी पुरत नव्हतं.

हे डोळ्यांना दिसतं, आणि आमच्या समोर ते रोज होतं. लॅबमध्ये नुकतीच आलेली एक मुलगी ट्यूब हातात धरून माझ्याकडे आली. "मॅडम, हे पिवळसर आहे, चालेल ना? मेथडमध्ये क्लिअर सोल्युशन लिहिलंय, आणि हे क्लिअरच आहे." बरोबर होतं तिचं. गढूळ नव्हतं, गाळ नव्हता. खिडकीच्या काचेवर पांढरा कागद चिकटवला आणि त्या दिवसाच्या बाराच्या बारा ट्यूब त्याच्यापुढे ओळीत लावल्या. सात पाण्यासारख्या. पाच अगदी फिकट पिवळ्या, केशराची एखादी काडी पाण्यात पडून गेल्यासारख्या. वहीत बघितलं तर चढे आकडे त्याच पाच ट्यूबचे. त्या दिवसापासून आमच्या मेथडमध्ये क्लिअर हा शब्द नाही. "पांढऱ्या कागदापुढे रंगहीन" असं लिहिलं आहे.

पाचच का, बाराही का नाहीत? कारण त्या पाच व्हेसलचं, म्हणजे डायजेशनच्या भांड्यांचं, झाकण जीर्ण झालं होतं. कडेची पातळ ओठासारखी कड घासली की दाब वाढल्यावर वाफ निसटते, आम्ल उडतं, आणि ज्याला जळायला आम्ल हवं होतं ते अर्धवट राहतं. कोणत्या दिवशी कोणती व्हेसल कोणाच्या वाट्याला येईल यावर आमचे आकडे हलत होते. कॅलिब्रेशन नवं केल्यावर दोन दिवस जे सरळ आलं, ते कॅलिब्रेशनमुळे नव्हतंच.

आम्ही काय बदललं

वजन पुन्हा पाव ग्रॅमवर आणलं. शिशासाठी वजन वाढवण्याऐवजी ब्लँक खाली आणला: आम्ल उच्च शुद्धतेचं, ट्यूब आदल्या रात्री दहा टक्के नायट्रिकमध्ये भिजवलेल्या, तोलणं आणि ओतणं स्वच्छ हवेच्या कपाटात. शिशाची गरज त्यातूनच भागली. २०६, २०७ आणि २०८ या तिन्ही समस्थानिकांची बेरीज घेतो, कारण शिशाच्या उगमाप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं.

डायजेशनला पाच मिलिलिटर नायट्रिक आणि एक मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड. आम्ल घातल्यावर झाकण सैल ठेवून अर्धा तास फ्यूम हूडमध्ये. दूध पावडर लगेच फेसाळते आणि घाईने झाकण आवळलं तर सुरुवातीलाच दाब चढतो. मग वीस मिनिटांत २०० अंश आणि तिथे वीस मिनिटं स्थिर. ज्यांचं यंत्र २४० अंशांपर्यंत सुरक्षित जातं त्यांनी तिथवर जावं, फरक दिसतो. एका फेरीत एकाच जातीची सॅम्पलं ठेवायची. तापमान एका व्हेसलमध्ये मोजलं जातं आणि बाकीच्या तिच्या मागे जातात, तेव्हा फॉर्म्युल्याच्या शेजारी पाण्याचं किंवा मिठाचं सॅम्पल लावलं तर दोघांचं डायजेशन सारखं होत नाही.

प्रत्येक व्हेसल आत जाण्याआधी आणि गार होऊन बाहेर आल्यावर तोलायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका भरवशाचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही. वजन लक्षात येण्याजोगं घटलं असेल तर ती व्हेसल गळते, ते सॅम्पल बाद, झाकण बदला. व्हेसलवर क्रमांक कोरून ठेवा आणि क्रमांकानुसार वही ठेवा.

उघडल्यावर लगेच मशीनवर नेऊ नका. बंद डायजेशनमध्ये जळलेल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि त्यातला काही द्रावणात विरघळून राहतो. तोही कार्बनच. झाकण काढून काही मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा, बारीक बुडबुडे निघून जाऊ द्या.

हे सगळं करूनही थोडा कार्बन उरतोच, आणि प्रत्येक सॅम्पलमध्ये वेगळा उरतो. म्हणून उलट्या बाजूनेही बंदोबस्त करायचा: सगळीकडेच मुद्दाम कार्बन घालायचा. इंटर्नल स्टँडर्डच्या नळीत मिथेनॉल मिसळलं की ब्लँक, स्टँडर्ड आणि सॅम्पल तिघांनाही भरपूर आणि सारखा कार्बन मिळतो. त्याच्यापुढे सॅम्पलमधला उरलासुरला कार्बन दर्यामें खसखस. एओएसी या तपासणीच्या पद्धती प्रमाणित करणाऱ्या संस्थेची २०११.१९ ही फॉर्म्युल्यातल्या क्रोमियम, सेलेनियम आणि मॉलिब्डेनमची अधिकृत पद्धत हाच मार्ग घेते. मिथेनॉल एक-दोन टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, कोनवर काजळी धरते. क्रोमियम ५२ वर आर्गॉन-कार्बन बसतो, तो मात्र बेरजेचा दोष आहे आणि हीलियमने जातो. क्रोमियम हीलियमशिवाय मोजत असाल तर आधी ते थांबवा.

आणखी एक: प्रत्येक ट्यूबमध्ये वस्तुमान १३ वाचा. तो कार्बन-१३ आहे. आकडा रिपोर्टला द्यायचा नाही, नुसता स्तंभ बघायचा. मिथेनॉल घालायच्या आधी या स्तंभावरून कोणती ट्यूब कच्ची राहिली ते नेमकं कळतं.

एवढं झाल्यावर संदर्भ पावडरीचं सेलेनियम ०.८२ आलं, आणि डायजेशननंतरच्या स्पाइकची रिकव्हरी दोघांचीही ९८ ते १०३ मध्ये. तेव्हापासून तिथेच आहे.

दुसरीच जोडी चढत असेल तर

आर्सेनिक एकटंच चढलं, सेलेनियम जागेवर: मग कार्बन नाही. क्लोराइड बघा. पारा द्रावणात टिकावा म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल घालत असाल तर त्याचाही हिशेब धरा. पाऱ्यासाठी थोडं सोनं घालूनही काम भागतं. हीलियम लावूनही आर्सेनिक चढंच राहिलं तर निओडिमियम आणि समॅरियम मोजा. त्यांच्या १५० वस्तुमानाच्या अणूवर दोन भार आले तर ते मशीनला ७५ दिसतात आणि हीलियम त्यांना अडवू शकत नाही. खडकातून काढलेल्या फॉस्फेटमधून अशी मूलद्रव्यं येऊ शकतात.

कॅडमियम आणि मॉलिब्डेनम जोडीने हलत असतील तर उत्तर जवळजवळ ठरलेलं. मॉलिब्डेनम ९५ ला ऑक्सिजन चिकटला की १११, आणि कॅडमियम आपण १११ लाच वाचतो. पावडरीत मॉलिब्डेनम २०० पीपीबी असेल आणि ऑक्साइड अर्धा टक्का बनत असेल, तर दीड-दोन पीपीबी खोटं कॅडमियम दिसतं. गायीच्या दुधाच्या पावडरीला युरोपीय मर्यादा १० पीपीबी आहे, तिथे दीड-दोन म्हणजे थोडं नाही. ११४ वर जाऊ नका, तिथे कथील बसलेलं असतं. नुसत्या मॉलिब्डेनमचं द्रावण लावून कॅडमियम किती दिसतं ते दर बॅचला बघा. सोयाच्या पावडरीत मात्र कॅडमियम खरंच जास्त असू शकतं, तिथे मर्यादाही २० आहे. तेव्हा सोयाचं सॅम्पल चढं आलं म्हणून लगेच मॉलिब्डेनमच्या माथी मारू नये.

लोह, तांबं, जस्त दोन प्रतींमध्ये जुळत नाहीत आणि कॅल्शियम-पोटॅशियम छान जुळतं, असं झालं तर मशीन सोडा आणि डब्याकडे बघा. खनिजक्षार कोरडेच मिसळले असतील तर फेरस सल्फेटचा एक कण पाव ग्रॅमच्या चिमटीत आला की आकडा उसळतो, नाही आला की पडतो. यावर पिसणं हा उपाय नाही. २५ ग्रॅम पावडर २०० ग्रॅम पाण्यात कालवायची, नीट ढवळायची आणि त्या दुधातून तोलून घ्यायचं. फक्त गणितात पाण्याचा हिशेब विसरू नका.

जस्त, ॲल्युमिनियम आणि शिसं ब्लँकमध्येच वेडंवाकडं येत असेल तर धूळ, पावडर लावलेले हातमोजे, काचेची भांडी. पिपेटचे पिवळे टिप रंगाशिवाय मिळतात ते घ्या. रंगातून कॅडमियम आणि लोह सुटल्याची उदाहरणं आहेत. आयोडीन या आम्लाच्या ट्यूबमध्ये मोजूच नका. आम्लात ते उडून जातं आणि नळ्यांना चिकटून पुढच्या सॅम्पलमध्ये उतरतं. त्याला वेगळं अल्कलीतलं डायजेशन लागतं.

"सेंद्रिय आर्सेनिक असेल" म्हणण्याआधी

युरोपमध्ये फॉर्म्युल्याच्या पावडरीला असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा २० पीपीबी आहे. एकूण आर्सेनिक त्याच्या खाली आलं तर पुढे जायची गरज नसते. वर आलं तर क्रोमॅटोग्राफी जोडून रूपं वेगळी करावी लागतात. आमच्या एका तांदळाच्या स्टार्चच्या सॅम्पलमध्ये एकूण २४ आलं आणि सगळ्या रूपांची बेरीज १९. उरलेले पाच "न ओळखलेलं सेंद्रिय" म्हणून आम्ही वहीत लिहून मोकळे झालो. ते पाच कार्बनचे होते. बेरीज जुळत नसेल तर फरकाला नाव देण्याआधी स्पाइक टाका.

आणि तयार पावडरीबरोबर तिच्यात जाणारे खनिजक्षारही तपासा. जपानमध्ये १९५५ साली मोरिनागा कंपनीच्या तोकुशिमा कारखान्यातल्या दूध पावडरीतून आर्सेनिकची विषबाधा झाली. बारा हजारांहून जास्त बाळं आजारी पडली, शंभराहून जास्त दगावली. आर्सेनिक दुधातलं नव्हतं. दूध स्थिर राहावं म्हणून घातलेल्या सोडियम फॉस्फेटमधलं होतं, आणि ते फॉस्फेट बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना निघालेलं उपउत्पादन होतं. कॅल्शियम फॉस्फेटच्या पोत्यातून एक चमचा तपासायला तासही लागत नाही. अशा फॉस्फेट क्षारांत कार्बन नसतो, त्यामुळे हा दोष तिथे येतच नाही. क्षार स्वच्छ आणि पावडर चढी, असं दिसलं तर आणखी एक खूण मिळाली असं समजा.

आधी गेलेल्या रिपोर्टचं काय

दोष सापडला की तो कधीपासून होता ते शोधावं लागतं, आणि हे टाळू नये. आम्ही वजन वाढवल्याची तारीख वहीतून काढली आणि त्यानंतरची राखून ठेवलेली फॉर्म्युल्याची सगळी सॅम्पलं पुन्हा डायजेस्ट केली. आर्सेनिकमुळे अडलेली दोन सॅम्पलं मर्यादेच्या खाली आली. सेलेनियमसाठी पास केलेलं एक सॅम्पल किमानाच्या खाली गेलं. ग्राहकांना आमच्या विभागप्रमुखांनी स्वतः फोन केले, दुसऱ्या दिवशी सुधारित रिपोर्ट गेले, आणि त्या एका लॉटचे डबे कुठवर पोचलेत ते कंपनीने त्याच संध्याकाळी शोधायला घेतलं. त्या पाच व्हेसलची जुनी झाकणं आम्ही टाकलेली नाहीत. नवीन मुलं आली की ती हातात देतो आणि कडेवरून बोट फिरवायला सांगतो.